झाकणाखालचं

शैलाताई, या हो जरा कुंपणापाशी. धुणं नंतर घाला वाळत. आमच्या भाच्याला जुन्या इलेक्ट्रिक गिटारांचं वेड आहे ना, त्याच्याकडून एकेक ऐकते आणि कपाळाला हात लावते. मोठ्या घराण्यांत काय काय चालायचं!

तो लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, बरं का! १९५० साली त्याने भरीव लाकडी फळीची गिटार काढली आणि नाव ठेवलं ‘ब्रॉडकास्टर’. थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या ग्रेच कंपनीची तार आली, हे नाव आमच्या ड्रमांचं आहे म्हणून! आता छापलेली नावं काय टाकून द्यायची? कात्री घेतली, ‘ब्रॉडकास्टर’ तेवढं छाटलं, नुसतं ‘फेंडर’ चिकटवलं आणि माल धाडला दुकानांत. पुढे १९५१ मध्येच ‘टेलिकास्टर’ म्हणून नवं बारसं झालं. पण मधल्या त्या बिननावाच्या गिटारी आहेत ना, ‘नोकास्टर’ म्हणतात त्यांना, त्यांच्यावर आज उड्या पडतात.

शिवाय जिथे तारा बसतात, तिथे त्याने चकचकीत झाकण दिलं होतं. शोभेला छान, पण हाताला नडायचं. लोकांनी काढून उलटं ठेवलं आणि त्यात सिगारेटची राख झाडली. नावच पडलं ‘अ‍ॅशट्रे’!

त्याचीच १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर घ्या. आवाज बदलायच्या खटक्याला तीनच खाचा. वाजवणारे लिओहून वस्ताद, खटका दोन खाचांच्या मध्येच अलगद टेकवायचे आणि भलताच गोड आवाज काढायचे. पाच खाचांचा खटका द्यायला कंपनीला १९७७ उजाडलं. गिऱ्हाईक कधीचं ओरडतंय, पण ऐकतंय कोण!

आणि ती दुसरी कंपनी, गिब्सन? त्यांच्या १९५८ ते १९६० च्या ‘लेस पॉल’ गिटारींचा तांबडा रंग उजेडात टिकेना. कुणाची पिवळीधमक झाली, कुणाची चहासारखी. दुकानात खपेना म्हणून बंद केली, आणि आता त्याच विटक्या रंगाला लाखो डॉलर! आपल्याकडे साडी एवढी विटली तर भांडीवालीसुद्धा घ्यायची नाही. १९६१ मध्ये तर त्यांनी घाटच बदलला, पातळ अंग, दोन शिंगं. ज्याच्या नावावर खपत होती, त्या लेस पॉललाच तो आवडला नाही. काही वर्षांनी त्याचं नाव गेलं, राहिलं नुसतं ‘एसजी’. त्याच सुमारास त्याचा नि मेरी फोर्डचा संसारही मोडत होता, पण जाऊ दे, ते आपल्याला काय करायचंय.

खरी गंमत पुढेच. तारांचा आवाज पकडणारी गिब्सनची ती पिकअप असतात ना, त्यांच्या आत तार गुंडाळायची दोन रिळं. काळं प्लास्टिक कमी पडलं की कारखान्यात सायीच्या रंगाचं लावायचे. एक काळं, एक पांढरं, कधी दोन्ही पांढरी. वरून धातूचं झाकण डाखलेलं, कोण बघतंय! पुढे लोकांनी झाकणं उचकटली आणि सगळं बाहेर आलं. आता त्या पांढऱ्या रिळांना जास्त पैसे मोजतात, आवाजात फरक नसला तरी. पण झाकण काढायचं तर कारखान्याचा जुना डाख तुटतो, आणि तो तुटला की भाव उतरतो. मग आत काय आहे ते कळणार कसं? वरून तर नाहीच कळत! घेणारा बंद झाकणाचे पैसे मोजतो, आणि भाचा म्हणतो, रात्री झोप लागत नाही त्याला.