31 मार्चनंतर आणलेले पैसे

मिशिगन राज्यात घरपट्टी थकली की तिसऱ्या वर्षी 31 मार्चला घरावरचा हक्क संपतो. 1 एप्रिलला मुद्दल, व्याज, शुल्क असे सगळे पैसे घेऊन डेट्रॉइटचा घरमालक वेन काउंटीच्या खिडकीशी उभा राहिला, तरी ते भरून घर सोडवून घेण्याचा अधिकार कायद्याने त्याच्याकडे उरलेला नसतो. घर लिलावात जाते. पहिल्या फेरीत गिऱ्हाईक मिळाले नाही, तर दुसऱ्या फेरीत बोली अनेक वर्षे अवघ्या 500 डॉलरपासून सुरू होत असे.

हा कायदा 1999 चा. ओस पडलेली घरे लवकर मोकळी व्हावीत म्हणून तो केला. नांदत्या घरांनाही त्याने तोच न्याय लावला आणि उशिराच्या रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज चढवले.

आता पट्टी आकारणाऱ्यांकडे बघा. घराचे मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असू नये, असे राज्यघटनाच सांगते. 2008 च्या मंदीत डेट्रॉइटमधल्या घरांचे भाव कोसळले, पण शहराच्या वहीतले आकडे त्या प्रमाणात उतरले नाहीत. अख्ख्या शहराचे फेरमूल्यांकन 2017 मध्ये पूर्ण झाले, तेही सुमारे 60 वर्षांनी! ‘डेट्रॉइट न्यूज’ने हिशेब मांडला: 2010 ते 2016 या काळात घरमालकांकडून किमान 60 कोटी डॉलर जादा आकारले गेले. म्हणजे अनेकांची जी थकबाकी होती, तिच्यातला काही भाग ते देणे लागतच नव्हते. आणि तेवढ्यावरून घर गेले. गरिबांना करमाफी होती, पण तिच्यासाठी दरवर्षी नवा अर्ज करावा लागे. पात्र असूनही ती न मिळालेल्या कितीतरी जणांची घरे लिलावात गेली.

जवळच्या साउथफील्डमध्ये तर एका मालकाची मूळ बाकी होती 8 डॉलर 41 सेंट. मालमत्ता 24,500 डॉलरला विकली गेली आणि उरलेली रक्कम तिथल्या काउंटीने स्वतःकडे ठेवली. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. मग विधिमंडळाने नियम केला: वरची रक्कम हवी असेल तर 1 जुलैपर्यंत ठरावीक नमुन्यात दावा करा. ज्याचे घर आत्ताच गेले, त्याच्यापुढे आणखी एक तारीख.

माझे म्हणणे सरळ आहे. कर भरलाच पाहिजे. पण जादा आकारलेला पैसा आधी वजा करा, मग थकबाकी मोजा. ज्या घरात माणूस राहतो, ते लिलावाचा हातोडा पडेपर्यंत पैसे भरून सोडवता आले पाहिजे.

काउंटीचा खजिनदार मतांवर निवडून येतो. कँटनसारखी भारतीय वस्तीची उपनगरेही याच वेन काउंटीत आहेत. तिथे मतदार असलेल्या मराठी वाचकांनी पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला हे जरूर विचारावे.