बघू जरा प्लॅन!

एखाद्यानं घर बांधायला काढलं, की गवंडी मिळायच्या आधी त्याला अप्पा मिळतात. त्यांना शोधावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं, प्लॉटवरची बाभळ तोडली, एवढी बातमी त्यांना पुरते. संध्याकाळी फिरायला निघालेले अप्पा सहज आल्यासारखे येतात, दारात चपला काढतात आणि बूड टेकायच्या आधीच म्हणतात, "काय, घर निघालं म्हणे! बघू जरा प्लॅन."

प्लॅन हातात आला की अप्पा तो आधी फिरवतात. उत्तर शोधायची असते. आर्किटेक्टनं कोपऱ्यात चांगला ठसठशीत बाण काढलेला असतो, पण त्या बाणावर विसंबायला अप्पा काही कालचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन प्लॉटवर हजर होतात आणि नेमके सळयांच्या ढिगाशेजारी उभे राहतात. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं हे शाळेत शिकवतात, पण अप्पांचा विश्वास आर्किटेक्टवर नसला तरी मोबाइलवर पुरेपूर आहे. "अरे, तुमची उत्तर तर वायव्येला निघाली!" असा निकाल लागतो. आता उत्तर कुठं निघून जात नसते, पण त्या रात्री त्या घरात कुणी धड जेवत नाही.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. गावाला एवढंच ठाऊक आहे, आणि अप्पांनीही गावाला याहून जास्त कळू दिलेलं नाही. खात्यात ते आवक-जावक बारनिशीला होते. पण नोंद करायची म्हणजे नकाशाची घडी उघडावी लागायची, आणि उघडलेल्या घडीकडे न बघण्याइतका संयम अप्पांकडे कधीच नव्हता. आज ते धरणाच्या भिंतीविषयी बोलत बोलत तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर येतात, तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्ही त्यांनीच बांधल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच्या बांधकामावर हरकत घ्यायची ही परंपराही काही आजची नाही. शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला, तेव्हा त्याच्या उत्तरेच्या दरवाज्यावर थेट साताऱ्याहून हरकत आली होती, असं सांगतात. दिल्लीकडे तोंड करून एवढा भक्कम दरवाजा म्हणजे दिल्लीवर चालून जायचा इरादा, असा शाहू महाराजांना संशय. दरवाजा रखडला आणि पुढं नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरा झाला म्हणतात. पहिल्या बाजीरावांना जे चुकलं नाही, ते दोन गुंठ्यांच्या मालकाला कसं चुकावं?

अप्पांची सुरुवात नेहमी कौतुकानं होते. "छान आहे, छान आहे," असं म्हणत चहा संपतो. मग कप बाजूला ठेवून ते एक "फक्त" उच्चारतात. या "फक्त"नंतर घराचं काय काय शिल्लक राहील हे सांगता येत नाही. संडास ईशान्येला गेलाय. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या का, सम आल्यात. हे सगळं सांगून वर अप्पा म्हणणार, "मी वास्तुबिस्तू मानत नाही हो. पण उद्या विकायला काढलंत तर गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं." ज्या घराचा अजून पाया खणलेला नाही, ज्यात नवरा-बायकोला म्हातारं व्हायचंय, ते अप्पांनी चहाच्या एका कपात विकूनसुद्धा टाकलेलं असतं.

बाकी नियमांचं त्यांना वावडंच. महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठी 2020 साली एकच एकात्मिक नियमावली आली, बाजूला किती जागा सोडायची, किती बांधायचं ते तिच्यात लिहिलेलं आहे. अप्पा म्हणतात, "ते कागदावर. बांधताना दीड फूट पुढं घ्यायचं, कोण टेप घेऊन येतंय?" टेप घेऊन आजवर कोण आलं असेल, तर ते अप्पाच.

मात्र अप्पांच्या सूचना चार-पाच घरांमध्ये ऐकल्या, की त्यांतलं एक सूत्र हाती लागतं. अप्पा तुमचा प्लॅन बघतच नसतात. तुमच्या कागदावर ते स्वतःचं 1986 सालचं घर दुरुस्त करत असतात. "जिना साडेतीन फुटांपेक्षा कमी ठेवू नका," असं ते बजावतात, कारण त्यांचा जिना अडीच फुटी आहे आणि वरच्या खोलीसाठी करून घेतलेला सागवानी दिवाण आजतागायत खालच्या खोलीत आहे. "पश्चिमेला झोपायची खोली नको," कारण एप्रिलमधलं ऊन त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीत शिरतं ते मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडायचं नाव घेत नाही. माळ्याचा आग्रह तर इतका, की ज्याच्या घरात ठेवायला फार काही नाही त्यालाही दोन माळे काढून देतात. अप्पांच्या घरात माळा नाही. सगळ्या कॉलनीत आता ऐसपैस जिने आहेत, पूर्वेला झोपायच्या खोल्या आहेत, माळे आहेत. चुकलेलं घर एकच उरलंय, आणि त्यात अप्पा राहतात.

ओट्याचं तेवढं मला मनापासून पटलं. गवंडी ओटा घालतो तो त्याच्या सवयीच्या उंचीला, मग स्वयंपाक करणारं माणूस पाच फुटांचं असो की पावणेसहा. अप्पा मात्र घरातल्या सूनबाईंना भिंतीशी उभं करतात, कोपर वाकवायला सांगतात, कोपराखाली चार बोटं सोडतात आणि तिथं खडूची रेघ मारतात. "तुमचा ओटा इथं. गवंडी काहीही म्हणू दे." आणि मुलगाही स्वयंपाक करतो असं कळलं, तर त्यालाही भिंतीशी उभं करून दोन रेघांच्या मधली तिसरी काढतात. हे करताना ते धरणाबद्दल बोलत नाहीत, उत्तर शोधत नाहीत. अप्पांच्या घरी काकूंची पाठ आज कितीतरी वर्षं दुखते आहे. त्यांच्या घरातला ओटा बुटका आहे.

एकटे अप्पा असते तर निभावलं असतं. पण प्लॅनची झेरॉक्स एकदा बाहेर पडली की प्रत्येक जण आपापलं घर त्यात घुसवतो. पुण्याच्या भावाला दोन मोटारींची जागा हवी. तो गणपतीला येतो, एका मोटारीनं. निवृत्त गुरुजींना बैठकीत पुस्तकांची भिंत हवी. ज्या आजींनी एकेकाळी "घरात संडास? शी!" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, त्यांना तो आता खाटेपासून चार पावलांवर हवा असतो, आणि यात मात्र त्या शंभर टक्के बरोबर असतात. मामेसासऱ्यांना माजघर, ओसरी आणि परसदार पाहिजे. या सगळ्यांचं ऐकायचं म्हटलं तर एक एकर लागेल. हातात असतात दोन गुंठे, म्हणजे 2178 चौरस फूट, आणि त्यातूनही चारी बाजूंनी जागा सोडायची.

शिवाय भिंतींची जागा कुणी धरतच नाही. इथं अप्पांचा हिशेब चोख असतो, हे कबूल केलं पाहिजे. बाहेरून 30 बाय 40 फुटांचं घर घ्या. 1200 चौरस फूट. चारी बाजूंनी नऊ इंची विटेची भिंत धरली, की आत उरतं साडेअठ्ठावीस बाय साडेअडतीस. म्हणजे शंभरावर चौरस फूट नुसत्या बाहेरच्या भिंतींनी खाल्ले. "दहा बाय दहाची एक खोली गेली की नाही विटेत?" असं विचारून अप्पा मालकाच्या तोंडाकडे बघतात. ती खोली आपणच वाचवून दिल्यासारखा त्यांचा चेहरा असतो. खोली अर्थातच गेलेली असते.

प्लॅनवरच्या फर्निचरवर त्यांचा विशेष राग. कागदावरचा पलंग नेहमी आखूड काढलेला असतो, तशानंच खोली मोठी दिसते, असं त्यांचं ठाम मत आहे. मग ते घरातला खरा पलंग टेपनं मोजतात, भिंतीतलं दोन फुटी कपाट मोजतात, कपाटाचं दार उघडल्यावर माणूस कुठं उभा राहणार ते विचारतात. सिलिंडर कुठं? केरसुणी कुठं? पाहुण्यांच्या गाद्या? जुलैत कपडे कुठं वाळत घालणार? आर्किटेक्टनं बाल्कनीत दोन खुर्च्या आणि कुंडीतलं एक झाड काढलेलं असतं. त्या खुर्च्यांवर जुलै महिनाभर ओल्या चादरी असणार आहेत, हे अप्पांनी तिथल्या तिथं भाकीत केलेलं असतं.

फक्की मारायच्या दिवशी तर ते सकाळी सातला प्लॉटवर असतात. मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचं घर नेहमीच एवढंसं दिसतं. मालकिणीचा चेहरा उतरतो, "ही बैठक? यात आपण मावणार का?" अप्पा तिला धीर देतात. घर जमिनीवर लहान दिसतं, भिंती चढल्या की मोठं वाटतं, गिलावा झाला की आणखी मोठं, आणि सामान आलं की पुन्हा होतं तेवढंच. हे त्यांनी पन्नास जणींना सांगितलं असेल आणि प्रत्येक वेळी खरं ठरलंय.

मग नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि पेढा तोंडात असतानाच अप्पा दरवाज्याच्या रेघेवर उभे राहून म्हणतात, "हा साडेतीन फुटी करा. माणूस शेवटी आडवाच बाहेर न्यावा लागतो." काकू त्यांचा सदरा मागून ओढतात. मालकाचे वडील पेढा गिळायचे थांबतात. भटजी आकाशाकडे बघतात. पण गवंड्यानं तोवर रेघ पुसून पुढं सरकवलेली असते.

वास्तुशांतीला अप्पांना पहिल्या पंगतीत बसवावं लागतं. जिलबी वाढून घेता घेता ते छताकडे बघतात आणि शेजाऱ्याला हळूच म्हणतात, "हा बीम मी सांगितला होता तिथं घेतला नाही." हवा चांगली खेळली तर खिडक्या अप्पांनी सुचवलेल्या असतात. पहिल्या पावसात स्लॅब गळला, तर तो आर्किटेक्टचा.

तेव्हा तुमचं घर निघायचं असेल, तर प्लॅन नगरपालिकेत द्यायच्या आधी अप्पांना जरूर दाखवा. ओट्याची उंची त्यांच्याकडूनच घ्या, सिलिंडरची जागा त्यांनाच विचारा. हातात पेन्सिल द्या, पेन देऊ नका. आणि मंजुरीचा शिक्का एकदा बसला, की प्लॅन कपाटात कुलूप लावून ठेवा आणि विचारलंच तर सांगा, नगरपालिकेतून अजून आलेला नाही.