चिखलदरा न पाहता कसा पाहावा

चिखलदरा पाहायला डोळे लागतात, हा जुना गैरसमज आहे. अमरावती-अकोल्याची हजारो माणसं दर पावसाळ्यात तो न पाहता सुखरूप परत येतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात "मस्त झालं बाप्पा" असं छातीठोकपणे सांगतात. नवख्यांना मात्र हे एकदम जमत नाही. कुणी चुकून दरीकडे बघतो, कुणी तलावाच्या काठी पाच मिनिटं गप्प बसतो आणि मग घरच्यांना वाटतं की याला बरं नाही. अशा होतकरू सहलकऱ्यांसाठी हे मार्गदर्शन.

आधी दिवस ठरवा. सातपुड्याच्या या पठाराची उंची सुमारे ११०० मीटर. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा वर जाणं शहाणपणाचं असतं, म्हणूनच ते टाळावं. गरजेपोटी केलेल्या प्रवासाला सहल म्हणत नाहीत. खरा मुहूर्त १५ ऑगस्ट, किंवा त्याला लागून आलेला रविवार. त्या दिवशी आख्खं वऱ्हाड वर असतं. शेजारी, साडू, मुलाचे गणिताचे सर, सगळे एकाच कठड्याला टेकलेले सापडतात. ओळखीचं कुणी भेटलंच नाही, तर तुमचा दिवस चुकला असं समजा.

सकाळी सहाला निघायचं ठरवावं, म्हणजे साडेदहाला निघता येतं. डब्यात पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, ठेचा आणि चिवडा एवढं हवंच. ते सगळं डिक्कीत सुरक्षित ठेवून परतवाड्याला कचोरीसाठी थांबावं. अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर आणि तिथून पुढे तीसेक किलोमीटर घाट, म्हणजे घरून खाऊन निघालेल्या माणसाला परतवाड्यात भूक लागण्याचं काही कारण नसतं. पण परतवाड्यात भूक लागते. यावर चर्चा करू नये.

घाटात गाड्यांची रांग लागली की मन शांत ठेवायला इतिहासाचा आधार घ्यावा. नोव्हेंबर १८०३च्या अखेरीस इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं अकोल्याकडच्या अडगावात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि १५ डिसेंबरला इथला गाविलगड किल्ला घेतला. मधल्या पंधरवड्यात त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सननं डोंगर फोडून रस्ता केला आणि त्यावरून तोफा ओढून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. वर पोचायला त्याला कित्येक दिवस लागले, तर आपल्याला तीन तास लागल्याचं वाईट वाटून घेऊ नये. शिवाय त्याला ओव्हरटेक करणारे कमी होते.

वर पोचल्यावर थेट शक्कर तलाव. डोंगरमाथ्यावर पाणी साठलेलं, चहूबाजूंनी हिरवं, वर ढग टेकलेले, म्हणजे न पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पाण्याकडे पाठ करून उभं राहावं आणि मोबाइल समोर धरावा. तलाव मागे आपोआप येतो. घरी गेल्यावर फोटोत तो दिसतो. तेव्हा सवडीनं बघता येईल.

नौकाविहाराचे मात्र काही नियम आहेत. पायडल मारायच्या बोटीत चौघं बसतात. त्यांतल्या दोघांच्या पायाशी पायडल असतं आणि अक्कल उरलेल्या दोघांकडे असते. घरातला कर्ता पुरुष पायडलवर बसतो, लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावर पोचत नाही म्हणून तो नुसताच हातात धरतो, आणि काठापासून दहा हात आत गेल्यावर धापा टाकत विचारतो, "अर्धा तास झाला काय?" मागून बायको म्हणते, "अहो, तिकडं झाडाकडं घ्या न, मले फोटो काढायचा हाय." बोट झाडाकडं जात नाही. ती जागच्या जागी फिरते, कारण बाजूच्या मेहुण्यानं पाय केव्हाच वर घेतलेले असतात. "भाऊजी, तुमी मारू राहिले न, मंग मी कायले मारू?" हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. एवढ्यात दुसरी बोट येऊन धडकते आणि तिच्यात गणिताचे सर निघतात. पाण्यावर बसून शाळेच्या फीविषयी बोलण्याची अशी संधी दुसरीकडे नाही.

दुसरा तलाव काळापाणी. तिथं करण्यासारखं काही नसतं, नुसतं पाणी आणि झाडं. सबब गाडीतूनच "हा काळापाणी" असं मुलांना सांगून पुढे निघावं.

मग पॉइंट. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल पॉइंट, शिवाय भीमकुंड. सगळे एका दिवसात झालेच पाहिजेत; एक राहिला तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. ऑगस्टात या सर्व ठिकाणांहून एकच देखावा दिसतो आणि तो पांढरा असतो. त्यामुळे क्रम कसाही घेतला तरी चालतं. भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकलं आणि भीमकुंडात अंघोळ केली, अशी कथा इकडे सांगतात. कठड्याशी उभं राहून खालच्या धुक्याकडे बोट दाखवत ती मुलांना सांगावी. कीचक दिसत नाही, दरीही दिसत नाही, पण मुलं हळूहळू सरावतात.

"काय दिसून राह्यलं बे?"

"काहीच नाई. धुकं हाय."

"मंग फोटो काढ न लवकर, मागं लाइन लागली हाय."

पंचबोलला हाक मारली की डोंगर ती अनेकदा परत देतो. तिथं काय ओरडावं याबद्दल मतभेद आहेत. कॉलेजातली पोरं मैत्रिणीचं नाव ओरडतात आणि प्रौढ माणसं नुसतं "ओऽऽ" करून आजूबाजूला बघतात. प्रतिध्वनी ऐकायला ओरडणं थांबवावं लागतं, ही या पॉइंटची मोठीच गैरसोय. पाच गावचे लोक एकाच वेळी ओरडत असल्यानं कुणाचा आवाज परत आला ते कळत नाही. जो मिळेल तो आपला मानावा.

खाण्याच्या बाबतीत हे मार्गदर्शन लागू नाही. तिथं चुकण्याची सोयच नाही. मेळघाटातल्या गवळ्यांच्या म्हशींचं दूध, खवा आणि रबडी खावी, आणि दुसऱ्यांदा मागावी. निखाऱ्यावर भाजलेला भुट्टा लिंबू-मीठ चोळून पावसातच खायचा असतो. ज्या पठारावर इंग्रजांनी लावलेली कॉफी आजही होते, तिथं जाऊन चहा पिणं मात्र या पद्धतीला धरूनच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे गाविलगड. हा टाळायचा. पॉइंटांपासून तो इतका जवळ आहे की चुकून आत शिरण्याचा धोका असतो. बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ साली हा बांधला असं सांगतात. आत शार्दूल दरवाजा आहे, शिल्पं आहेत, मशीद आहे, देवतलावासारखे तलाव आहेत. ज्यांना डोंगरावरचं पाणी पाहायचंय त्यांना ते इथं तिकिटाच्या बोटीवाचून दिसतं. १८०३ला लढाई झाली तेव्हा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पुढे १८५८ मध्ये, बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून, इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली. तरी एवढं उरलंय. आत गेलेला माणूस दोन-तीन तास बाहेर येत नाही, भुट्टा विसरतो, आणि उतरताना इतरांना "तुम्ही किल्ला पाह्यला का?" विचारून त्रास देतो. आमच्या ओळखीत असे दोन-तीन जण आहेत. सहलीला त्यांना बोलावणं आता बंद झालंय.

अकोलेकरांना वेगळी सूचना. तुमच्या अकोट तालुक्यात, शहानूर गावाच्या वर, नरनाळा आहे. तिथंही तलाव आहेत, नवगजी तोफ आहे आणि १४८७चा महाकाली दरवाजा आहे. त्या दरवाजावरच्या कोरीव कामापुढं उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण तिथं रबडी नाही, घोडा नाही आणि ओळखीचं कुणी भेटत नाही. मग जाऊन उपयोग काय? ती वाट सोडून चिखलदऱ्याच्या रांगेत उभं राहावं.

परतीच्या आधी एक काम उरतं. डिक्कीतल्या पुऱ्या संपवून प्लेटा, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या कठड्यावरून खाली सोडायच्या. वारा चांगला असतो, दूर जातात. खाली जे जंगल आहे ते १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघ कुरकुरे खात नाही, पण पाकीट राहतं. माकडांना चिप्स देण्याची पद्धतही रूढ आहे. ती पुढच्या वेळी हातातली पिशवीच ओढून नेतात, तेव्हा "काय माजले हे!" असं म्हणायचा हक्क आपला असतो.

संध्याकाळी घाट उतरताना मागं वळून पाहू नये. ऊन पडतं, धुकं फाटतं आणि दरी पुरती उघडी होते. त्या वेळी गाडी थांबवली तर दिवसभराची मेहनत वाया जाईल.

एवढं सगळं करूनही ज्यांना चिखलदरा पाहायचाच आहे, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे. सप्टेंबरातल्या मंगळवारी किंवा बुधवारी पहाटे निघा, आधी गाविलगड करा, मग काळापाण्याच्या काठी बसा, कचरा पिशवीत घालून परतवाड्यापर्यंत आणा. आम्हीही मंगळवारीच जातो, तेव्हा कृपा करून बुधवार धरा, आणि गणिताच्या सरांना सांगू नका.