समुद्राचा अनुशेष

वऱ्हाडातून नवऱ्याबरोबर समुद्रकाठच्या शहरी गेलेली पहिली स्त्री म्हणजे कौंडण्यपूरची रुक्मिणी. आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळापासून तिने श्रीकृष्णाच्या रथात पाय ठेवला तो थेट द्वारकेला जाण्यासाठी, हे जरी आमच्याकडचे कीर्तनकार मोठ्या रसाळपणे सांगत असले, तरी द्वारकेच्या पहिल्या पंगतीला तिच्या पानात काय वाढले, ते तिला रुचले की नाही, आणि माहेरच्या ठेच्याच्या आठवणीने तिने तोंड फिरवले काय, याविषयी समस्त ग्रंथकारांनी संशयास्पद मौन पाळले आहे. मिरची त्या काळी या देशात आलीच नव्हती, अशी हरकत कोणी विद्वान घेतील; पण वऱ्हाड मिरचीवाचून कधी काळी जगत होते, ही गोष्ट चांदूर रेल्वेच्या हद्दीत शपथेवरही कोणी मान्य करणार नाही.

ग्रंथकारांनी सोडलेली ही जागा आमच्या शेजारच्या दांपत्याने गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीस जाऊन भरून काढली. शेजारी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले. नोकरीत असताना सहकाऱ्यांनी 'महाराष्ट्र दर्शना'ची प्रवास सवलत घेऊन सादर केलेल्या देयकांवर आक्षेप काढण्यातच त्यांची हयात खर्ची पडल्यामुळे महाराष्ट्राचे प्रत्यक्ष दर्शन घेण्यास त्यांना सवड झाली नव्हती. आणि काकूंनी समुद्र पाहिला होता तो दूरदर्शनवर, तोही भांडी घासता घासता.

वास्तविक आमचे गाव नावातच रेल्वे मिरवणारे. चांदूर बाजाराशी आमची गल्लत होऊ नये म्हणून मिळालेली ही पदवी आहे, तथापि लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या तिची मुळीच दखल न घेता फलाटावरील धूळ उडवून निघून जातात, आणि रेल्वेच्या गावच्या माणसाला रेल्वे धरण्यासाठी बडनेऱ्यास जावे लागते. भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला, तो येथील माणसांना समुद्र दाखवावा म्हणून नव्हे, तर येथील कापूस समुद्रापर्यंत न्यावा म्हणून. तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी मुंबई बंदर पाहून, विलायतेची यात्रा करून धोतरजोडीच्या रूपाने परतही आल्या, आणि त्या गाठींचा धनी मात्र जिनिंगच्या फाटकाशी भावाची वाट पाहत बैलगाडीवर बसून राहिला.

असो. काका-काकू रत्नागिरीस पोचले आणि पहिल्याच दुपारी एका खानावळीत दाखल झाले. तेथे ताटाबरोबर वाटीत आलेले गुलाबी द्रव्य काकूंनी प्रथम नुसते पाहिले, मग हुंगले, मग चाखले, आणि अत्यंत गंभीर मुद्रेने पतीस निवेदन केले, "अवो, ह्या कढीले फोडनी द्याची राह्यलीच वाटते."

वाढपी म्हणाला, "काकी, सोलकढीला फोडणी नसते."

"नसते म्हंजे?" काकांनी चष्मा सावरला. "मंजुरी नाही, का निधी नाही?"

कोकमाचे आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि हिरवी मिरची एवढ्या सामग्रीवर, चुलीचा विस्तव न पाहता कढी होते, हे त्या वाढप्याने शांतपणे समजावून सांगितले. परंतु ज्या प्रांतात नारळ देवापुढे फुटायचा, त्याचे खोबरे चिमूटचिमूट वाटायचे आणि भाजीच्या रश्श्याला तीळ-शेंगदाण्याचा आधार असायचा, तेथील गृहिणीस भाजीत नारळ, आमटीत नारळ, घावनाबरोबर नारळ आणि सरतेशेवटी पेयातही नारळ हा सरळसरळ देवस्थानच्या उत्पन्नाचा अपहार वाटावा, यात तिचा काय दोष? काकांनी बांगडा मागविला होता. त्याचे काटे काढून ताटाच्या कडेला त्यांनी ज्या शिस्तीने लहानमोठे लावून ठेवले, ते पाहून हा इसम पूर्वी पंचनामे लिहीत असावा, हे कोणीही ओळखले असते. हापूस मात्र मिळाला नाही. कारण झाडांना जेमतेम मोहोर येत होता, आणि डब्यातल्या रसाविषयी काकूंचे मत असे पडले की, आमच्या गावरानी आंब्याच्या रसाबरोबर सरगुंडे ज्यांनी खाल्ले त्यांच्यापुढे डबा ठेवणे हे शिष्टाचारास धरून नाही. उकडीचा मोदक तेवढा त्यांनी निमूटपणे खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याच्या वेळी तूप वाढणाऱ्या मुलीच्या हातातून तुपाची वाटीच आपल्याकडे घेतली. प्रत्येक ताटाचे छायाचित्र चांदूरच्या आप्तमंडळाकडे मोबाइलवरून तत्काळ रवाना होत होतेच. तिकडून लेखापरीक्षकाच्या तत्परतेने विचारणा येई की, पोळी दिसत नाही, खुलासा व्हावा.

प्रेक्षणीय स्थळांपैकी काकांचे मन खऱ्या अर्थाने रमले ते थिबा राजवाड्यात. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या या अखेरच्या राजास पदच्युत केले, पुढल्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले, आणि त्याच्यासाठी बांधावयाचा वाडा पुरा केला १९१० साली. राजा वारला १९१६ मध्ये. इमारतीची भव्यता, कमानदार खिडक्या, लाल भिंती हे सर्व इतर प्रवासी पाहत असता काकांनी चोवीस वर्षांचा विलंब बोटांवर मोजला आणि सार्वजनिक बांधकामाची परंपरा एवढी प्राचीन असल्याचे पाहून त्यांचा ऊर भरून आला. राजाची तैनात अपुरी पडे, तो कर्जबाजारी होई, हे कळल्यावर तर निवृत्तिवेतनाच्या थकबाकीसाठी कोषागाराचे उंबरे झिजविलेल्या त्या माणसास थिबा हा जवळपास स्वखात्यातलाच वाटू लागला. मंडालेच्या राजाला रत्नागिरीत डांबावे आणि रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा देऊन मंडालेस धाडावे, ही बदल्यांची पद्धतही त्यांना परिचयाची वाटली. ज्याला जे हवापाणी मानवते ते सोडून दुसरीकडे पाठवावे, हा सेवानियम आजतागायत चालू आहे. पुढे १९२४ पासून सावरकरांनाही सरकारने येथेच स्थानबद्ध केले. सारांश, जेथे राहणे ही एके काळी राजद्रोहाबद्दलची सजा होती, तेथे हल्ली लोक आगाऊ भाडे भरून, ठरल्या वेळी जेवणाची घंटा होईपर्यंत खोलीत स्वखुशीने बसून असतात, आणि त्याला सुटी म्हणतात.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र त्यांचा स्वर पालटला. सूर्य मावळत होता, काकू घोट्याएवढ्या पाण्यात लुगडे सावरीत उभ्या होत्या, आणि काका क्षितिजाकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. "एवढं पानी," ते शेवटी उद्गारले, "अन् वलीत एक एकर नाही!"

तेथून त्यांच्या बुद्धीस जी चालना मिळाली ती परतीच्या गाडीत परिपक्व झाली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास निधीचे आणि नोकऱ्यांचे न्याय्य वाटप देऊ केले, १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो, वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, इतकेच नव्हे तर गुरांचे दवाखानेसुद्धा मोजून कोणाच्या वाट्यास किती कमी आले त्याचा अनुशेष काढला. पण समुद्र मोजला नाही. शाळेच्या पुस्तकात राज्याचा किनारा ७२० किलोमीटर लिहिलेला असताना अमरावती विभागाच्या खात्यावर त्यातला एक वावही नोंद नसावा, हा फेरफार कोणी आणि कोणत्या हुकमाने केला? त्याच करारान्वये मुंबईचे सरकार दर हिवाळ्यात नागपूरला येते, सावजी रस्सा आणि संत्री यांची शहानिशा करते व परत जाते. मग वऱ्हाडी माणसाने समुद्रासाठी पदरमोड का करावी?

अर्ज चार प्रतींत तयार झाला आहे. कलम एक, समुद्राच्या अनुशेषाची गणना व्हावी; कलम दोन, ती लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी; कलम तीन, भरपाई होईतो वर्धा नदीकाठी, कौंडण्यपूरच्या आसपास, निदान वाळू आणि दोन होड्या यांची तात्पुरती तजवीज व्हावी. समासात शिसपेन्सिलीने "मुद्दा धोरणात्मक, वरिष्ठांकडे सादर" हा शेराही काकांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, म्हणजे टेबलावरच्या नव्या कारकुनास तसदी नको. मसुदा ते मला वाचून दाखवीत असता काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "अवो, त्याच्यात कढीच्या फोडनीचंबी लिहा."

तो मुद्दा कलम चार म्हणून दाखल झाला.