तिसरी रांग, खिडकीकडून दुसरा

साथ आली की आपल्याकडे औषधाच्या आधी तक्ता येतो. २०२१ च्या जुलैत कोविडमुक्त गावांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडायचं ठरलं, तेव्हा नियम निघाला : एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट, वर्गात जास्तीत जास्त वीस मुलं. आता कोण कुठे बसतं याची नोंद तेवढी ठेवायची. एखाद्याला ताप आला की कागद उघडायचा, त्याच्या आजूबाजूच्या चौकटींवर लाल पेन फिरवायचं आणि तेवढ्यांच्याच आईबापांना फोन करायचा. इतका सोपा पंचनामा पोलिसांच्याही नशिबी नसतो.

अडचण एकच. हा कागद बाकाची जागा सांगतो, पोराची नाही.

कोणत्याही वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात असा कागद सापडेल. आखीव फुलस्केपच्या पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने पाडलेल्या चौकटी, आत पेन्सिलीने हजेरी क्रमांक, खोडरबराने तीनदा खोडल्याने मधे भोक पडत आलेलं, आणि समासात शेरा : ‘१७ व २३ अलग. फार बोलतात.’ हा शेरा नीट वाचा. आपल्याकडे मुलांच्या जागा ठरतात त्या याच तत्त्वावर. ज्यांचं गूळपीठ आहे त्यांना वर्गाच्या दोन टोकांना बसवायचं, आणि ज्यांचं वर्षभर बोलणं नाही त्यांना शेजारी. म्हणजे १७ ला ताप आला की घरी बसणार ते शेजारचे १६ आणि १८, ज्यांच्याशी तो कट्टी आहे. आणि २३, ज्याने मधल्या सुट्टीत १७ च्या डब्यातली अर्धी पोळी, त्याच्याच बाटलीतलं पाणी आणि त्याचीच शिट्टी वापरली, तो कागदावर पार पलीकडच्या कोपऱ्यात सुरक्षित!

शाळेच्या रिक्षाचा तर कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो. वर्गात सहा फूट पाळणारी मुलं तिथे एकमेकांच्या मांडीवर बसून घरी जातात. पण रिक्षा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे तिथे संसर्ग होत नसावा. खेड्यातल्या शाळांची तऱ्हा आणखी वेगळी. पहिली ते चौथी एका खोलीत, खाली बसकरपट्ट्या. ज्याची पट्टी उसवली तो शेजारच्याच्या पट्टीवर सरकतो. तिथे ‘बाक क्रमांक’ या रकान्यात काय भरायचं, हे केंद्रप्रमुखांना विचारावं लागतं, आणि ते वरून विचारून सांगतो म्हणतात.

तरीही या कागदाची टर उडवून मोकळं होता येत नाही, कारण एकदा त्याने चोख काम केलंय. मे २०२१, कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी. एका प्राथमिक शाळेतल्या लस न घेतलेल्या शिक्षकांना नाक चोंदल्यासारखं झालं. ॲलर्जी असेल म्हणून ते दोन दिवस वर्गावर आले आणि मधूनमधून मास्क काढून मुलांना मोठ्याने वाचून दाखवत राहिले. बाकं सहा-सहा फुटांवर, दारं-खिडक्या उघड्या, हवा गाळायचं यंत्रसुद्धा चालू. वर्गातल्या २४ पैकी १२ मुलं बाधित निघाली. कोण कुठे बसलं होतं याचा आराखडा मांडला तेव्हा दिसलं, की शिक्षकांच्या टेबलाजवळच्या पहिल्या दोन रांगांतल्या १० पैकी ८ मुलांना लागण झाली, मागच्या तीन रांगांतल्या १४ पैकी ४ जणांना. मागच्या बाकावर बसण्याचा फायदा इतक्या अधिकृतपणे आजवर कुणी सिद्ध केला नव्हता. पहिल्या बाकावर बस, हुशार होशील, असं सांगणाऱ्या तमाम आयांनी याची नोंद घ्यावी.

पण हे उमगलं ते त्या आराखड्यात शिक्षकांचं टेबलही होतं म्हणून. आपल्या फुलस्केपवर १ ते ६० सगळे असतात, फक्त बाईंची खुर्ची नसते. मुलं संशयित, बाई तपास अधिकारी!

बरं, टेबल दाखवलं तरी भागेल असंही नाही. १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला, आणि तिच्यापासून २८ मुलांना. ही मुलं होती १४ वेगवेगळ्या वर्गांतली. पैकी कितीतरी मुलांनी तिच्यासोबत एकाच खोलीत श्वाससुद्धा घेतला नव्हता. या प्रकाराचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. त्या इमारतीतली यंत्रणा सगळ्या खोल्यांची हवा ओढून घ्यायची आणि तीच पुन्हा सगळीकडे वाटायची. आपल्या शाळांत अशी यंत्रणा नाही, हे आपलं भाग्य. आपल्याकडे खिडक्या असतात आणि त्यांच्यासमोर कपाट असतं. कपाटात जुने तक्ते.

त्यामुळे माझी प्रशासनाला नम्र सूचना आहे की प्रपत्रात दोन रकाने वाढवावेत : ‘खिडकी उघडते का’ आणि ‘शिक्षक कुठे उभे होते’. पुढचं मला आत्ताच दिसतंय. दुपारी तीनला शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अति तातडीचे’ म्हणून फाइल पडणार, पाचपर्यंत एक्सेलमध्ये माहिती मागवली जाणार, आणि तालुक्यातून सगळ्यांत आधी एका द्विशिक्षकी शाळेचं उत्तर जाणार : ‘खिडकी उघडते, मिटत नाही, दुरुस्तीचा प्रस्ताव सादर. एक शिक्षक मतदारयादीच्या कामावर व दुसरे याच माहितीसाठी तालुक्याला आल्याने वर्गात कोणीही उभे नव्हते. सबब संपर्क निरंक.’