पायचीत नसलेल्या गावाची पन्नाशी

आमच्या गावच्या क्रिकेट मंडळाचा सुवर्णमहोत्सव करायचा हे एकमताने ठरलं, तिथेच मला धोका दिसला. आमच्या मंडळात आजवर एकमताने फक्त सभा तहकूब झालेल्या आहेत.

पुढच्याच मिनिटाला प्रश्न निघाला, मंडळ स्थापन झालं कधी? जुनी पावतीपुस्तकं बघावीत तर ती वाळवीने खाल्लेली. पन्नास वर्षांत मंडळाचे हिशेब इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी तपासलेले नाहीत. मग सगळी भिस्त जाणत्या मंडळींच्या आठवणींवर आली. एक गट म्हणाला, 1971. वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच अंगणात हरवलं, ते पोस्टाच्या ओटीवर रेडिओला कान लावून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी झावळीच्या दांड्याची बॅट घेऊन पोरं सड्यावर गेली, तीच स्थापना. दुसरा गट म्हणाला, छे, 1974. लॉर्ड्सवर आपला संघ 42 धावांत आटोपला, तेव्हा रेडिओ विहिरीत टाकायला निघालेल्या एका गृहस्थांना अडवायला सगळी वाडी जमली. ती मंडळाची पहिली सर्वसाधारण सभा.

वाद खजिनदारांनी मिटवला. ते म्हणाले, "1971 धरलं तर पन्नाशी 2021 सालीच झाली. ती करोनात गेली, आता वर्गणी कुणाकडे मागणार? 1974 धरा, म्हणजे 2024." भारताच्या लाजिरवाण्या डावावर मंडळाचा पाया कशाला, असं कुणीतरी कुरकुरलं. त्यावर, 2020 मध्ये ॲडलेडला 36 धावांत बाद होऊन आपण त्या लाजेवर पडदा टाकलेला आहे, असा खुलासा झाला आणि स्थापनावर्ष मंजूर झालं.

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की मी मुंबईत राहतो आणि मला कोणत्याही बाजूने धड खेळता आलं नाही. म्हणजे मी निःपक्षपाती. इतिहास लिहायचा तर मुळापासून, म्हणून मी क्रिकेटचा उगम वाचायला घेतला. आणि मला एक गोष्ट उमगली, जी पन्नास वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होती. क्रिकेटचे नियम कुणी शहाण्यांनी शांतपणे बसून केलेले नाहीत. ते खेड्यातल्या भांडणांतून निघालेले आहेत. त्या हिशेबाने आमचं मंडळ ही क्रिकेटची फार शुद्ध परंपरा आहे.

हॅम्बल्डन हे इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातलं एक खेडं. अठराव्या शतकात तिथला क्लब एवढा जबरदस्त होता की सबंध इंग्लंडच्या संघाला हरवायचा. 1771 साली चर्टसीविरुद्धच्या सामन्यात समोरचा थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन आला. बॅटीच्या रुंदीबद्दल तोवर नियम नव्हता, त्यामुळे त्याला चूक म्हणायची सोय नव्हती. हॅम्बल्डनवाल्यांनी लेखी निषेध नोंदवला आणि बॅट सव्वाचार इंचांहून रुंद नको असं ठरलं. आज विराट कोहली जी बॅट धरतो तिची रुंदी त्या तंट्याने ठरवलेली आहे. पुढे 1775 मध्ये लम्पी स्टीव्हन्स नावाच्या गोलंदाजाचे चेंडू हॅम्बल्डनच्या जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून तीनदा आरपार गेले आणि बेल्स जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा यष्ट्या दोनच असत. त्यावरून बोंबाबोंब झाली आणि मधली तिसरी यष्टी आली.

हे वाचताना मला आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही एकाने सुताराकडून फणसाच्या फळीची बॅट करून आणली होती. ती उभी केली की मागचा यष्टिरक्षक दिसत नसे. तिच्यावर बंदी आली, ती मात्र रुंदीमुळे नव्हे. ती फळी मंडळाच्याच बाकाची आहे, हे कुणीतरी ओळखलं.

आमचं मैदान म्हणजे सडा. ज्यांनी रत्नागिरीकडचा सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसात त्यावर हिरवळ आणि रानफुलं येतात, पण तेव्हा खेळायला कुणी रिकामा नसतो. भात झोडून झालं की खेळ सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत चालतो. तोवर कातळ तापून तवा झालेला असतो. टेनिसचा चेंडू त्यावर पडला की कुठे जाईल ते गोलंदाजालाही ठाऊक नसतं. त्यालाच आम्ही फिरकी म्हणतो. सूर मारणारा क्षेत्ररक्षक आमच्याकडे आयुष्यात एकदाच सूर मारतो.

अशा मैदानाला लंडनचे नियम जसेच्या तसे लागू होणं शक्य नव्हतं. क्रिकेटच्या नियमावलीत पूर्वी हरवलेल्या चेंडूचं एक स्वतंत्र कलम होतं. क्षेत्ररक्षकाने 'चेंडू हरवला' असं ओरडून सांगितलं की फलंदाजाला सहा धावा मिळत. 2017 च्या नियमावलीत ते स्वतंत्र कलम गेलं, आता असा चेंडू सरळ मृत ठरतो. आमच्याकडे चेंडू काजूच्या बागेत हरवला तर फलंदाज बाद. शिवाय शोधायला त्यानेच जायचं. बाग ज्या काकूंची आहे, त्या पन्नास वर्षांत कुणालाही षटकार मारू न देणाऱ्या आमच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षक आहेत.

पण खरी गंमत पायचीतची. हा नियम 1774 च्या नियमावलीत आला. फलंदाज मुद्दाम पाय आडवा घालून यष्ट्या वाचवू लागले, म्हणून तो करावा लागला. आमच्या गावात तो 2024 उजाडेपर्यंत पोचलेला नव्हता. कारण साधं आहे. आमच्याकडे पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचा असतो. तो आपल्याच माणसाला पायचीत देणार, आणि रात्री त्याच घरी जेवायला जाणार? तेव्हा पायचीत नाही, असा करार पहिल्यापासून होता. त्यामुळे बॅट चांगली असण्यापेक्षा नडगी मजबूत असणं महत्त्वाचं. आमच्या एका सलामीच्या फलंदाजाने कारकीर्दीतला बहुतेक बचाव डाव्या नडगीने केला. सत्कारात त्यांना शाल दिली, पण मान खरा त्या नडगीचा होता.

महोत्सव मे महिन्यात ठरला, कारण तेव्हा चाकरमानी गावी असतात आणि खिशात थोडे पैसेही असतात. मंडप पडला, कर्णे लागले, प्रवेशद्वारावर बॅनर चढला. बॅनरवर बावन्न फोटो होते आणि त्यांतले निम्मे कधी सड्यावर फिरकलेले नव्हते. स्मरणिकेत माझ्या इतिहासाला दोन पानं आणि शुभेच्छांच्या जाहिरातींना अडतीस पानं मिळाली. हॅम्बल्डनचा मजकूर एका हॉलो ब्लॉकच्या जाहिरातीखाली गेला.

उद्घाटनाला गाऱ्हाणं झालं. मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन ग्रामदेवतेला हाक दिली. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं सड्यावर जमलीत, त्यांची हाडं शाबूत ठेव."

"होय म्हाराजा!"

"मुंबैवाल्यांनी देणगी कबूल केली हाय, ती त्यांना आठवू दे."

"होय म्हाराजा!" हा होकार गावाकडून मोठा आला आणि मुंबईकडून जरा बारीक.

"कोणी वाकड्या मनान् पंचाला बोललो, तर त्याची पयल्या बॉलला दांडी उडव."

दोन्ही पंचांनी या वेळी जेवढे मनापासून हात जोडले, तेवढे त्यांनी देवळातही कधी जोडले नसतील.

दोन दिवस पंचक्रोशीतल्या संघांचे सहा-सहा षटकांचे सामने झाले. समालोचनाला गावातले निवृत्त गुरुजी होते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत ते मोठे झालेले. त्यामुळे भाषा शुद्ध, फक्त मधूनमधून "कोणाची तरी पिवळी स्कूटर रस्त्यात उभी आहे" हे त्याच लयीत येई. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही होतं. ते दुबईतून पाहणाऱ्या एका गाववाल्याने, मागे दिसणारं आपल्या घराचं छप्पर गळकं आहे हे ओळखून सामना चालू असतानाच भावाला फोन केला. हल्ली टेनिस क्रिकेटला बरे दिवस आहेत. 2024 च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, टेनिस चेंडूवर खेळणाऱ्यांचा लिलाव झाला. तेव्हापासून आमच्याकडची पोरं आईने दळण आणायला सांगितलं तरी आधी बोली किती म्हणून विचारतात.

तिसऱ्या दिवशी मुख्य आकर्षण होतं, ज्येष्ठांचा प्रदर्शनीय सामना. गावकर विरुद्ध मुंबईकर. गावकरांचे कप्तान मंडळाचे अध्यक्ष. मुंबईकरांत एक जण आपण कांगा लीग खेळलो असल्याचं सांगत होता. 1948 पासून ती स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते, तेव्हा तो तिथे होता की छत्री दुरुस्त करत होता, हे विचारायचं आम्ही टाळलं. सामना सुरू झाला आणि तिसऱ्या षटकात या गृहस्थांची कंबर धरली. मुंबईकर दहाच उरले. बदली कोण? त्यांच्यातल्या एकाची नववीतली पुतणी काजूच्या सावलीत उभी होती. ती शाळेकडून तालुक्याला खेळते. "प्रदर्शनीयच आहे, खेळू दे," असं अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले. तेव्हा ते स्वतः नऊ धावांवर खेळत होते.

मुलीने दोन चेंडू सरळ टाकले. तिसरा कातळाच्या खाचेत पडून आत वळला आणि अध्यक्षांच्या नडगीवर, मधल्या दांडीच्या नेमका समोर, खणकन् आपटला. मुलगी गर्रकन् वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "हाउझॅट!"

सडा हसला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की आपल्या गावात पायचीत नसतं. गुरुजीही कर्ण्यावरून प्रेमाने समजावू लागले. एवढ्यात पंचांनी बोट वर केलं.

पंच कोण? अध्यक्षांचे सख्खे चुलतभाऊ. बांधावरची दोन हापूसची कलमं कुणाच्या हद्दीत, यावरून दोघांची कोर्टात तारीख चालू आहे. बोट वर केल्यावर ते शांतपणे म्हणाले, "नियम म्हणजे नियम. नाय तर कलमाचंपण नियमान् नको." अशा तऱ्हेने 1774 साली लंडनहून निघालेला पायचीतचा नियम अडीचशे वर्षांनी आमच्या गावी पोचला, आणि तोसुद्धा आंब्याच्या कलमांमुळे.

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. खेळपट्टीवरच उभं राहून त्यांनी मंडळाची घटना मागवली. ती वाळवीने खाल्लेली होती. मग त्यांनी संघ मैदानाबाहेर नेला.

याला काही जण पळपुटेपणा म्हणाले. मला ते पटलं नाही. यालाही मोठी परंपरा आहे. 1948 च्या डिसेंबरात पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला होता. मध्यंतरात काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. निंबाळकरांचे 443 आहेत तिथेच राहिले. तेव्हा सामना सोडण्याबद्दल खेड्यातल्या माणसांना नावं ठेवू नयेत. ते काम संस्थानिकांनीही केलेलं आहे. आमच्या अध्यक्षांचे नऊ आहेत तिथेच राहिले, एवढाच फरक.

सामना कुणी जिंकला हे ठरलं नाही. चषक मंदिराच्या कपाटात कुलपात आहे आणि किल्ली पोलीस पाटलांकडे. अध्यक्षांनी नाबादचा आग्रह सोडलेला नाही. चुलतभावाने बोट खाली केलेलं नाही. सामनावीराचं बक्षीस मात्र दोन्ही बाजूंच्या मतांनी त्या मुलीला मिळालं, पाचशे रुपये आणि एक प्रेशर कुकर. कुकर तिने आईला दिला आणि पाचशे रुपयांचे चेंडू आणले. मंडळाच्या इतिहासात बक्षिसाचे पैसे क्रिकेटवर खर्च होण्याची ही पहिलीच वेळ.

मला आता एवढं कळलं आहे, की गावचं मंडळ पन्नास वर्षं टिकतं ते खेळामुळे नाही. खेळ संध्याकाळी संपतो. टिकतं ते अर्धवट राहिलेल्या भांडणामुळे. मुंबई, पुणे, दुबई कुठेही गेलेला माणूस दर मे महिन्यात सड्यावर परत येतो, कारण मागच्या वर्षी तो बाद नव्हता हे त्याला सिद्ध करायचं असतं. ज्या गावाचे सगळे निकाल लागले, त्या गावचं मंडळ बंद पडलं म्हणून समजा.

उरलेला सामना पुढच्या मे महिन्यात आहे. पायचीत ठेवायचं की नाही, हे त्याआधीच्या सभेत ठरेल किंवा सभा एकमताने तहकूब होईल. त्रयस्थ पंचांची मात्र गरज आहे. इच्छुकांनी जरूर कळवावं. जेवण आमच्याकडे, मानधन शंभर रुपये, उन्हासाठी टोपी. अट एकच, गावात नातलग नसावा आणि आंब्याची कलमं नसावीत.