लेट मार्क

प्रवचन चालू असताना मी डोळे मिटून बसतो. मंडळीला वाटतं, काय तन्मय झालेत! माझे कान दाराकडे असतात. साडेनऊची उपासना. पावणेदहाला बंगल्यातली सूनबाई, दहाला पंचांपैकी एक, आणि दानाची थैली शेवटच्या बाकावरून परत फिरली की हमखास उगवणारे दोघे भाऊ. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभा जन्म गेला माझा. कारखान्याने शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं, तेव्हा उरलेली नोकरी मी देवाकडे सुरू केली. त्यानं ठेवलेलं नाही, मीच रुजू झालोय.

‘दोष काढू नका’ यावर वर्षातून एकदा तरी प्रवचन होतंच. ते ऐकायला कोणी कोणी यायला हवं होतं आणि आलं नाही, त्यांची यादी माझ्याकडे तयार असते.

पण मला खरा छळतो तो मत्तयाचा २०वा अध्याय. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, रोज एक दीनार. नऊला पुन्हा नाक्यावर जातो, बाराला जातो, तीनला जातो. अहो, साधा मुकादमसुद्धा किती माणूस लागणार याचा अंदाज सकाळीच घेतो! हा गृहस्थ पाचलाही जातो. सहाला सुटी. पाचला आणलेला माणूस कोयता हातात घेऊन धार बघेपर्यंत भोंगा व्हायचा. बरं, आणले तर आणले, पगारवाटप शेवटच्यांपासून! पहाटेवाल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण नाही. सगळ्यांदेखत पाचवाल्यांच्या हातावर अख्खा दीनार. पहाटेवाले मनात गुणाकार करू लागतात, आणि त्यांच्याही हातावर एकच. आमच्याकडे असं झालं असतं तर युनियनने तासाभरात गव्हाण बंद पाडली असती. मालकाचं वर उत्तर काय, तर पैसा माझा, मी उदार झालो तर तुझ्या पोटात का दुखतं? दुखतं साहेब. मस्टर लिहिणाऱ्याच्या दुखतंच.

मी जन्माचा पहाटेवाला. नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली. आमचं घराणं त्यानंतर फार उशिरा आलं नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून काही वर्षांनी आल्या, सोवळं-ओवळं सोडवत सोडवत. म्हणजे सरळ लेट मार्क. आणि आज अख्खा महाराष्ट्र त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतो. आमच्या वेळेवर आलेल्या पणजोबांचं नाव घरातल्या निम्म्यांना ठाऊक नाही.

दूध आणायला जातो त्या चौकात रोज मजूर उभे असतात. थापी, घमेलं, पिशवीत डबा. आठ-नऊपर्यंत तरणी पोरं टेम्पोत बसून जातात. मागे उरतो एक म्हातारा बिगारी. दुपारी बँकेत जाताना तो तिथेच दिसतो, डबा न उघडलेला. डबा उघडला की दिवस बुडाला हे कबूल करावं लागतं. गोष्टीतल्या पाचवाल्यांनाही मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. असल्या उभं राहण्याला माझ्या मस्टरमध्ये रकाना नव्हता. ‘गैरहजर’ एवढाच शेरा. दीनार म्हणजे तेव्हा एका दिवसाची मजुरी, घरातल्या चुलीचा हिशेब. बाप तासभरच राबला म्हणून पोराची भूक काही बाराव्या हिश्शावर येत नाही.

आमच्या मंडळीत एक सिस्टर आहेत. रात्रपाळी उरकून येतात, त्या प्रभुभोजनाची ताटं फिरायला लागल्यावर. पांढऱ्या साडीवर स्वेटर, हाताला डेटॉलचा वास. भाकरीचा तुकडा मला तेवढाच, त्यांनाही तेवढाच. द्राक्षरसाचा प्याला अंगठ्याएवढा, दोघांनाही. माझ्यात थेंबभर जास्त असावा असं मला वाटतं; अजूनही वाटतं. त्या प्याला खाली ठेवतात, डोळे मिटतात आणि आशीर्वचनाआधीच झोपी जातात. तोंड किंचित उघडं, लहान पोरासारखं. मी बाजूला डोळे मिटून जागा.

पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला. माझी पेन्शन एक तारखेला जमा होते, त्यामुळे माझं शिक्षण जरा रेंगाळलंय.

एक तांत्रिक शंका मात्र पाळकसाहेबांनाही सुटली नाही. परवा हिला विचारली, “त्या मळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे कोण गेलं असेल गं? मी असतो तर सरळ पाचला गेलो असतो.”

ही भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “ज्याच्या घरचं पीठ संपलंय तो पहाटेच जाईल. तुम्ही जा खुशाल पाचला. आणि जाताय तर दळण टाकून या, बाजरी दारामागे आहे.”